बोटीची खालची बाजू

(जूनचा पाऊस. माडांखाली बोटी दुरुस्त करायची पत्र्याची शेड. ओंडक्यांवर पालथी घातलेली बोट.)

मालवणच्या किनाऱ्यावरची जलक्रीडा २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद असते. तारकर्ली, देवबागच्या बोटी तेव्हा वर ओढल्या जातात. इंजिनं उतरवून घरी नेतात, लाइफ जॅकेटं धुऊन वाळत घालतात आणि बोटी ताडपत्रीखाली शाकारून ठेवतात. त्यातल्या थोड्याच या शेडपर्यंत येतात. खरं तर सगळ्यांनीच यायला हवं.

ही वीस फुटी फायबरची बोट हंगामभर बनाना राइड, म्हणजे पर्यटक बसलेला केळ्याच्या आकाराचा हवेचा फुगा, ओढत होती. तिच्या कण्याच्या रेषेवर, नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून मागे, हातभर लांबीत रंग उरलेलाच नाही. यात खडकाचा काही दोष नाही, हे वाळूचं काम आहे. पर्यटक गुडघाभर पाण्यात चढतात, उतरतात. त्यासाठी बोट दिवसातून कितीतरी वेळा किनाऱ्याला टेकवावी लागते. सगळ्यात वरचा चकचकीत थर, ज्याला जेलकोट म्हणतात, तो असतो जेमतेम अर्धा मिलिमीटर. तो घासून गेला की आतली काचेची सुतं उघडी पडतात आणि सुतासुतातून पाणी आत शिरतं.

(जवळून : तळावरच्या बारीक भेगा, एका बिंदूपासून चहूकडे पसरलेल्या.)

खडक लागला तो इथे, मध्यापासून थोडा मागे. तो नाळेला न लागता मागे का लागला, याचं उत्तर बोटीच्या वेगात आहे. वेग घेतला की बोटीचं तोंड वर उचललं जातं आणि फक्त मागचा भाग पाण्याला टेकून सुसाट जातो. त्यामुळे पाण्याखालचा खडक नाळेला चुकवून थेट मागच्या तळाला भेटतो.

(ड्रोन : ओहोटीला सिंधुदुर्ग किल्ला, भोवती काळे खडक.)

कुरटे बेटाच्या भोवती काही खडक सुकतीला, म्हणजे ओहोटीला, डोकं वर काढतात, काही कधीच काढत नाहीत. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे सकाळी मोकळी असलेली वाट दुपारी मोकळी असेलच असं नाही. कर्ली नदीच्या मुखाशी तर वाळूच जागा बदलते. जुन्या तांडेलांना, म्हणजे बोट हाकणाऱ्यांना, हे सगळं तोंडपाठ असतं. हंगामापुरता कामाला आलेल्या पोराला ते कोण शिकवणार? त्यात राइड ओढताना त्याची निम्मी नजर मागे, बनानावर बसलेल्या माणसांवर.

ताशी ४० किलोमीटर वेगाने बोट खडकावर आदळली, तर तो दणका तीच बोट सव्वासहा मीटर उंचीवरून खाली टाकण्याइतका असतो. वेग निम्म्यावर आणला तर ही उंची निम्मी होत नाही, दीड मीटरवर येते. किनाऱ्याजवळ हळू चालवा म्हणतात त्यामागे हा हिशोब आहे.

(संग्रहातली कृष्णधवल छायाचित्रं.)

माणसाला बोटीमागे बांधून पाण्यावर ओढायचा हा खेळ अमेरिकेतला. मिनेसोटातल्या लेक पेपिनवर १९२२ मध्ये राल्फ सॅम्युएल्सन नावाचा तरुण दोन फळ्यांवर उभा राहिला आणि वॉटर स्कीइंगची सुरुवात झाली. बोटी अर्थात लाकडी होत्या. १९६१ मध्ये स्की नॉटिक नावाची बोट आली ती फायबरची, खास स्कीइंगसाठी बनवलेली. त्या जातीच्या बोटीत इंजिन मध्यभागी असतं. इंजिनाचा दांडा तळातून आरपार खाली जातो, पंखा पोटाखाली फिरतो आणि बोट सरळ रेषेत धावावी म्हणून तळाला माशासारखे छोटे पर बसवलेले असतात. धरणाच्या तलावात पाणी उतरलं आणि बुडालेल्या झाडाचा बुंधा लागला, तर दांड्याचा आधार किंवा तो पर बुडाचा तुकडा घेऊनच निघतो. भोक पडतं तेही नेमकं बोटीच्या पोटात.

आपल्याकडच्या बहुतेक बोटींना मागे लटकणारं इंजिन असतं, ज्याला ओबीएम (आउटबोर्ड मोटर) म्हणतात. खडक लागला की त्याचा पाय मागे उचकतो आणि बराचसा दणका टळतो. पण उरलेला दणका जातो कुठे? तो जातो ट्रान्समवर, म्हणजे ज्या मागच्या भिंतीवर इंजिन टांगलेलं असतं तिच्यावर. बऱ्याच बोटींत या भिंतीच्या पोटात प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून पाणी शिरलं की ते आतल्या आत कुजतं आणि बाहेरून चकाकत राहतं.

(मिस्त्री हातातल्या नाण्याने तळ वाजवत पुढे सरकतात. टण, टण, टण. मग अचानक भद्द.)

मिस्त्री मशीन वापरत नाहीत, खिशातलं नाणं वापरतात. थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असतील तर आवाज कोरा येतो, सुटलेले असतील तर बसका.

“मामा, हयसर पण?” भाचा विचारतो.

“आवाज आयक. हयचो फायबर मेलो.”

वरून भेग हाताच्या बोटाएवढी आणि खडूने आखलेलं वर्तुळ ताटाएवढं. फायबर लाकडासारखा फुटत नाही. मार बसला की तो वाकतो, परत जागेवर येतो आणि तेवढ्यात आतले थर एकमेकांपासून सुटतात. वरून जखम दिसत नाही, आत पोकळी राहते.

(ग्राइंडर. पांढरी धूळ. मिस्त्रींच्या तोंडाला फडकं.)

काचेच्या धुळीत काम करताना नुसतं फडकं बांधणं बरोबर नाही, मास्कच हवा. आम्ही म्हटलं, ते हसले.

मेलेला फायबर पांढुरका दिसतो. तो संपून खालचा घट्ट थर लागेपर्यंत घासायचं. मग कडा तिरप्या करायच्या, आणि नुसती पुट्टी भरून काम उरकणारे नेमकं हेच टाळतात. जाडीच्या बारापट रुंद उतार हवा. तळ आठ मिलिमीटर जाड असेल तर भोकाच्या चारी बाजूंना जवळजवळ दहा सेंटिमीटर. भोक मुठीएवढं असलं तरी खड्डा परातीएवढा होतो. मालक बघतो तेव्हा त्याच्या पोटात गोळा येतो. पण नव्या थराला जुन्या थरावर पकड मिळते ती या उतारावरच.

(थर चिकटवणाऱ्या रेझिनचा डबा. ते घट्ट करणारं हार्डनर थेंबाथेंबाने. मॅटचे, म्हणजे काचेच्या सुतांच्या चटईचे, कापलेले तुकडे, लहान ते मोठे.)

एक थर मॅटचा, एक रोव्हिंगचा, म्हणजे काचेच्या सुतांच्या विणलेल्या कापडाचा, पुन्हा मॅट. मॅटमुळे थर एकमेकांना धरून राहतात, रोव्हिंग ताण घेतं. हार्डनर शेकडा एक ते दोन. तो जास्त पडला तर रेझिन तापतं, भराभर घट्ट होतं आणि तडकतं. प्रत्येक थरावर रोलर फिरवून हवा काढायची. एक बुडबुडा राहिला तरी पुढच्या हंगामात त्या जागी नाणं भद्द वाजणार.

फायबरच्या कामाचा पावसाशी उभा दावा. ओलसर मॅट रेझिन पीत नाही, थर दुधाळ पडतात, पकड धरत नाही. आणि बोटी रिकाम्या असतात त्या नेमक्या पावसातच. म्हणून इथे मॅटचा रोल प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवलाय आणि बोटीच्या तळावर दोन रात्री हॅलोजनचे दिवे लावून मगच काम धरलंय. दिव्यांच्या विजेचं बिल कोण देणार यावर वाद झाला, तो आम्ही कापला आहे.

ज्याला एवढी सवड नसते तो पुट्टी भरतो, पॉलिश पेपर मारतो, रंग देतो. एका दिवसात बोट नवी. पुट्टीत काचेचं सूत नसतं, ती खड्डा भरते, मार सोसत नाही. खरं तर दिवाळीची गर्दी ओसरली की हवा कोरडी असते. तेव्हा प्रत्येक बोट दोन दिवस वर घेऊन नाणं वाजवून बघावी. दोन दिवसांचं भाडं बुडेल, बुडू दे.

(समुद्र. दूरवर मुंबई.)

२४ ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईजवळ शिवस्मारकाच्या कामाच्या शुभारंभाला निघालेली स्पीडबोट खडकाला आपटून बुडाली. त्यात एकाचा जीव गेला.

(पुन्हा शेड. पॅचवर हाताचं बोट फिरवणारे मिस्त्री.)

पॅच सुकला आहे. सगळा तळ पुन्हा वाजवून झाला, आवाज कोरा. कण्यावर वाळूसाठी जादा पट्टी चढवली आहे. घासायची ती पट्टी घासेल, झिजली की बदलायची. आता ट्रान्सममधली जुनी भोकं रेझिनने बुजवून नवीन पाडायची आणि बोल्टखाली सीलंट घालायचं.

बाहेर दुसरी बोट येऊन थांबली आहे. तिचा तळ नुकताच रंगवून आणलाय. मिस्त्रींनी भाच्याला आधी तो रंग खरवडायला सांगितलं आहे.