दोन पगारांच्या मधले दिवस

मित्रहो, नमस्कार.

हातची नोकरी गेली आहे आणि दुसरी अजून लागलेली नाही, अशा दिवसांत पुण्यातला कामगार कशावर जगतो आणि त्याला कशाचा आधार असायला हवा, एवढाच माझा आजचा विषय आहे. भोसरी, चाकण, रांजणगावच्या कामगारांचे ईएसआय (म्हणजे कामगार राज्य विमा), पीएफ, रेशनचे अर्ज भरून द्यायचं काम मी करते, त्यामुळे हे प्रश्न रोज माझ्या टेबलापाशी येतात.

काम शोधायलाही पैसे लागतात, हे पगार चालू असलेल्याच्या सहसा लक्षात येत नाही. भोसरीत चौघांत मिळून एक खोली घेऊन राहणारा मुलगा घ्या. ब्रेक मिळाला, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरनं मधेच कामावरून थांबवलं, की पगार थांबतो. खोलीभाडं, मेसचे पैसे, गाडीचा हप्ता आणि लातूरला आईला पाठवायची रक्कम यातलं काहीही थांबत नाही. त्यात आता रोज नव्या गेटवर जाऊन उभं राहायचं, आज तळवडे, उद्या चाकण, परवा थेट रांजणगाव. पेट्रोल हवं, झेरॉक्स हव्यात, फोनला रिचार्ज हवा. रिचार्ज संपला आणि नेमकं त्याच दिवशी बोलावणं येऊन गेलं, अशी मुलं मला भेटली आहेत. मग उसनवारी सुरू होते. आधी रूममेट, मग चुलतभाऊ, मग मोबाइलवर कर्ज देणारं ॲप. तिथवर पोचलेला माणूस काम निवडत नाही, समोर येईल ते धरतो. चार वर्षं वेल्डिंग केलेला कारागीर पार्सल पोचवायला लागतो आणि त्याच्या हाताचा सराव तुटतो. इकडे कारखानदार म्हणतात की वेल्डर मिळत नाहीत. त्या मुलाला दोन महिने निर्धास्तपणे शोधता आलं असतं, तर दोघांचंही भलं झालं असतं.

आपल्या राज्यघटनेला हे ठाऊक होतं. कलम ४१ मध्ये कामाच्या हक्काबरोबरच बेकारी, वार्धक्य, आजारपण यांत सार्वजनिक मदतीचा हक्क मिळवून देण्याची तरतूद राज्यानं करावी, असं सांगितलं आहे. पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, आणि त्याला ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशी जोड आहे. त्याच्या आधारे कोर्टात जाऊन पैसे मागता येत नाहीत.

मग हातात काय आहे? संघटित कामगारासाठी ईएसआय. प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला, त्यातून १९४८ चा कायदा आला. आजारपण, बाळंतपण, कामावरचा अपघात यांची सोय त्यात झाली, बेकारीची मात्र राहून गेली. ती आली फार उशिरा. २००५ मध्ये कारखाना बंद पडून किंवा कपातीत नोकरी गेलेल्यांसाठी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आली आणि २०१८ मध्ये अटल बीमित व्यक्ति कल्याण योजना. दुसरीत आधी सरासरी रोजाच्या २५ टक्के मिळायचे, २०२० मध्ये, कोविडच्या वर्षात, ते ५० टक्के झाले. जास्तीत जास्त ९० दिवस, आणि आयुष्यात एकदाच. रोज ६०० रुपये पडत असतील तर ३०० रुपये, म्हणजे सगळे मिळून २७ हजार. खोलीभाडं आणि मेस भागून शोधायला थोडी उसंत मिळते. मला ही योजना मनापासून महत्त्वाची वाटते, कारण इथे कुणी कुणापुढे हात पसरत नाही. दर महिन्याला आपल्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो, त्यातलेच हे पैसे आहेत.

अडचण दारातच आहे. या योजनेला दोन वर्षांची विमा असलेली नोकरी आणि ठरावीक दिवसांची वर्गणी लागते. आपल्या पट्ट्यात नोकऱ्या कशा मिळतात ते तुम्ही जाणता. सहा-सात महिने या कॉन्ट्रॅक्टरकडे, मग ब्रेक, मग दुसऱ्याकडे. वर्षात २४० दिवस भरले की सेवा सलग मानतात, आणि मग कामावरून कमी करताना दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई द्यावी लागते. तेवढे दिवस भरूच नयेत म्हणून ब्रेक आधी येतो. ॲप्रेंटिस म्हणून घेतलेल्याला तर ईएसआय लागूच नाही. ज्याची नोकरी सगळ्यात कच्ची आहे, तोच या विम्याच्या बाहेर राहतो. सोसायट्यांमध्ये स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायकांची तर गोष्टच वेगळी. दोन घरं सुटली की निम्मी कमाई गेली, आणि त्याची नोंद सरकारच्या कुठल्याही कागदावर होत नाही.

आता तुमच्या पगाराच्या स्लिपकडे या. त्यावर २०० रुपये व्यवसाय कर असतो, फेब्रुवारीत ३००. तो का सुरू झाला, हे किती जणांना माहीत आहे? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं रोजगार हमी योजना मोठ्या प्रमाणावर राबवली. तिच्यामागे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचा विचार होता. या योजनेचा खर्च भागवण्यासाठी १९७५ मध्ये शहरातल्या पगारदारांवर, व्यावसायिकांवर हा कर बसवला. हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून लागू झाला. शहरानं गावाला आधार दिला, आणि ते अगदी योग्य केलं. पुढे २००५ चा देशव्यापी कायदा आला, त्यात मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचं कलम होतं. हे सगळं ग्रामीण भागासाठी. भोसरीतला तो मुलगा गेली चार वर्षं हा कर भरत आला आहे, आणि त्याची नोकरी गेल्यावर त्याला शहरात कसलीही हमी नाही. केरळनं २०१० मध्ये आणि राजस्थाननं २०२२ मध्ये शहरी रोजगार हमी सुरू केली. ज्या राज्यानं देशाला रोजगार हमी दिली, त्या महाराष्ट्रानं हे आधीच करायला हवं होतं.

रेशनचं सांगते. शहरात रेशनचं धान्य मिळणाऱ्या ‘प्राधान्य’ कुटुंबासाठी वर्षाची उत्पन्नमर्यादा ५९ हजार आहे, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाहीत. दाखला मिळतो तो मागच्या उत्पन्नाचा. गेल्या वर्षी पंधरा हजार पगार असलेल्याची चूल आज थंड असली, तरी दाखल्यावर तो कमावताच दिसतो. ज्याचं नाव गावच्या प्राधान्य कार्डावर आहे, त्यानं मात्र पुण्यातल्या दुकानात अंगठा लावून आपलं धान्य घ्यावं. त्यासाठी गावी जायची गरज नाही, हे अजून अनेकांना माहीत नाही.

‘भत्ता दिला की पोरं आळशी होतील,’ असं मला नेहमी ऐकवलं जातं. ब्रिटनमध्ये बेकारीचा विमा १९११ च्या कायद्यानं आला. तिथे आज युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता घेणाऱ्याला काम शोधत असल्याचा हिशेब द्यावा लागतो, आणि चुकलं तर पैसे कापले जातात. पहिली रक्कम हातात पडायला साधारण पाच आठवडे लागतात, मधे हवी असेल तर ती उचल म्हणून, पुढे फेडायच्या अटीवर. इतका धाक ठेवून माणसाला काम लवकर मिळतं असं मला वाटत नाही. तो कर्जात मात्र लवकर जातो. आपल्या अटल योजनेतही नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी दावा करता येतो. भाडं पहिल्याच महिन्यात द्यायचं असतं, म्हणून ही मुदत कमी व्हावी अशी माझी मागणी आहे. आणि तुकड्या-तुकड्यांनी केलेल्या नोकऱ्यांचे दिवस एकत्र मोजून पात्रता ठरवावी, कॉन्ट्रॅक्टर कितीही बदलले तरी. ईएसआयचा नंबर एकच राहतो, त्यामुळे हिशेब अवघड नाही.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली की मुलाला परवाच कामावरून कमी केलंय, आज काय करू? ताई, पहिली गोष्ट, त्याला कोऱ्या कागदावर किंवा राजीनाम्यावर सही करू देऊ नका. ‘स्वतःहून सोडलं’ असं लिहून दिलं की भरपाईचा आणि ईएसआयचा दावा दोन्ही अडतात. पगाराच्या स्लिपा, गेटपास, बँकेचा उतारा जपून ठेवा. ईएसआयच्या पोर्टलवर कॉन्ट्रॅक्टरनं किती दिवसांची वर्गणी भरली ते पाहा, आणि अटल योजनेची मुदत सध्या चालू आहे का, ते शाखा कार्यालयात विचारा, कारण ती टप्प्याटप्प्यानं वाढवली जाते. नोकरी गेली म्हणजे उपचार लगेच बंद होतात असंही नाही. आधीच्या वर्गणीवर ते पुढे काही महिने मिळू शकतात, म्हणून घरात कुणी आजारी असेल तर बिबवेवाडीच्या किंवा चिंचवडला मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात कार्ड घेऊन जा. कागद घेऊन कार्यक्रम संपल्यावर मला भेटा, मी इथेच थांबणार आहे.