पोटातल्या एका जंतूवर चार-चार औषधं का? आणि यात कॅन्सरचा काय संबंध?

नमस्कार. एंडोस्कोपीच्या रिपोर्टवर 'एच. पायलोरी पॉझिटिव्ह' असं आलं की डॉक्टर चौदा दिवसांचा कोर्स लिहून देतात. मेडिकलवाला काउंटरवर स्ट्रिपांचा ढीग ठेवतो. मग घरात कुणीतरी म्हणतंच, "अहो, ॲसिडिटीच आहे ना? मग एवढ्या गोळ्या कशाला?" आज त्या ढिगाबद्दलच बोलू.

एच. पायलोरी म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. जठरातल्या ॲसिडमध्ये बहुतेक जंतू टिकत नाहीत, हा टिकतो. तो युरिएज नावाचं एन्झाइम बनवतो, त्यातून अमोनिया तयार होतो आणि त्याच्या भोवतीपुरतं ॲसिड निष्प्रभ होतं. मग हा गडी जठराच्या आतल्या चिकट थरात जाऊन बसतो. बहुतेकांना तो लहानपणीच लागतो आणि उपचार नाही केले तर वर्षानुवर्षं राहतो. जठराची सूज या जंतूनेच येते हे दाखवायला ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ साली प्रयोगशाळेत वाढवलेले हे जंतू स्वतः पिऊन पाहिले. २००५ साली त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते, म्हणून पुढे जातो.

आता औषधं. पहिली गोळी ॲसिड कमी करणारी: ओमेप्राझोल, पँटोप्राझोल वगैरे. ती फक्त जळजळ थांबवायला नसते. ॲसिड कमी झालं की हा जंतू वाढायला लागतो, आणि अमॉक्सिसिलिन वाढत्या जंतूंनाच नीट मारतं. शिवाय कमी ॲसिडमध्ये ॲन्टिबायोटिक्स जास्त वेळ टिकतात. म्हणजे आधी त्याला बाहेर काढायचं आणि मग पकडायचं.

मग ॲन्टिबायोटिक्स दोन कशाला? एकट्याने काम भागत नाही. जे थोडे जंतू वाचतात तेच पुढे त्या औषधाला दाद देत नाहीत. अनेक वर्षं क्लॅरिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलिन ही जोडी चालली. आता तिचा भरवसा कमी झालाय, आणि याला आपणही हातभार लावलाय. घसा धरला की मेडिकलमधून अझिथ्रोमायसिन. ते क्लॅरिथ्रोमायसिनच्याच कुळातलं, त्यामुळे एकाला सरावलेला जंतू दुसऱ्यालाही जुमानत नाही. जुलाब झाले की मेट्रोनिडाझोल. भारतात मेट्रोनिडाझोलला न जुमानणाऱ्या एच. पायलोरीचं प्रमाण मोठं आहे.

म्हणून आता बऱ्याच ठिकाणी चार औषधांचा कोर्स देतात: ॲसिडची गोळी, बिस्मथ (जंतू मारायला मदत करणारं धातूचं औषध), आणि टेट्रासायक्लिन व मेट्रोनिडाझोल ही दोन ॲन्टिबायोटिक्स. बिस्मथमुळे शौचाला काळी होते, तेवढ्याने घाबरू नका. पण बिस्मथ चालू नसताना डांबरासारखी काळी झाली, तर तो रक्तस्राव असू शकतो, लगेच डॉक्टरांकडे जा. तोंडाला धातूची चव येते, मळमळतं, आणि इथेच लोक पाचव्या-सहाव्या दिवशी कोर्स सोडतात. सोडण्याआधी डॉक्टरांना एक फोन करा. मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू पूर्ण बंद.

(स्क्रीनवर: सूज → अस्तर पातळ होणं → आतड्यासारख्या पेशी → पेशींची बिघडलेली वाढ → कॅन्सर)

कॅन्सरचं गणित हे असं आहे. दरवेळी शेवटच्या पायरीपर्यंत गाडी जात नाही, लागण झालेल्या बहुसंख्य लोकांना कॅन्सर होत नाही. पण १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला पक्क्या कॅन्सरकारकांच्या यादीत टाकलं.

मग जंतू मारला तर कॅन्सर टळतो का? चीनच्या शांडोंग प्रांतात लिंचू नावाचा भाग आहे, तिथे जठराचा कॅन्सर फार. १९९५ साली तिथल्या लागण झालेल्या लोकांपैकी काहींना फक्त दोन आठवडे ओमेप्राझोल आणि अमॉक्सिसिलिन दिलं, बाकीच्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. बावीस वर्षांनी पाहिलं, तर औषध घेतलेल्यांत कॅन्सरचं प्रमाण जवळपास निम्मं होतं. दोन आठवड्यांच्या गोळ्या आणि दोन दशकं फरक! त्याच अभ्यासात लसणाच्या गोळ्याही दिल्या होत्या, सात वर्षांहून जास्त. कॅन्सर होण्याच्या प्रमाणात त्यांनी ठोस फरक पाडला नाही, हे आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगायला हरकत नाही.

तैवानच्या ताब्यातल्या मात्सू बेटांवर २००४ पासून तीस वर्षांवरच्या लोकांची तपासणी आणि उपचार सुरू झाले. लागण ६४ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आली, आणि कॅन्सरचं प्रमाण आधीच्या तुलनेत निम्म्याहून खाली गेलं.

पण पेशी बिघडायला लागल्यावर जंतू मारला, तर धोका कमी होतो, संपत नाही. अशांना पुढेही एंडोस्कोपी लागू शकते.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. भारतात लागण भरपूर, पण जठराचा कॅन्सर त्या मानाने कमी. मिझोराम मात्र ठळक अपवाद. त्यामुळे सरसकट सगळ्यांना ॲन्टिबायोटिक्स द्या, असं मी म्हणणार नाही. पण अल्सर झालेला असेल, किंवा आई-वडील, भावंडं यांपैकी कुणाला जठराचा कॅन्सर झाला असेल, तर तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. वजन उतरतंय, गिळताना अडकतंय, उलटीत रक्त आहे, तर तिथे थेट एंडोस्कोपीचा विषय.

आणि कोर्स संपला म्हणजे जंतू गेला असं नाही. किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून खात्री करा. तपासणीच्या आधी दोन आठवडे ॲसिडची गोळी बंद लागते, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. ही गोळी रोजची असेल, तर ती कशी थांबवायची हे डॉक्टरांनाच विचारा.