सही मराठी, करारपत्र इंग्रजी

बेळगावातील वडगावच्या या गल्लीत ऐकू येणारा खडखडाट यंत्रमागांचा आहे. माग आणि संसार एकाच छपराखाली असल्यामुळे येथे घर तारण ठेवणे म्हणजे धंदाही तारण ठेवणे होय. कर्जदार घरात मराठी बोलतो, त्याच्या मालमत्तेचा उतारा कन्नडमध्ये असतो आणि कर्जाचे करारपत्र बहुधा इंग्रजीत. त्याखालची सही तेवढी मराठी.

वास्तविक १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक नव्या गृहकर्जासोबत व्याजासह सर्व शुल्के धरून पडणारा वार्षिक दर, तक्रार कोणाकडे करावी याची माहिती आणि कर्जाच्या मुख्य अटी असलेले तथ्यपत्रक देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. हे पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे, त्यातील मजकूर त्याला समजावून सांगावा आणि समजल्याची पोच घ्यावी, असेही नियम सांगतो. नियमात शब्द ‘समजणारी भाषा’ असा आहे, ‘राज्यभाषा’ असा नाही. या दोहोंतील अंतर सीमाभागाला वेगळे सांगावे लागत नाही.

हप्ते थकून खाते बुडीत वर्गात गेले, की २००२ चा सरफेसी कायदा पुढे येतो. त्याखाली बँक दिवाणी दावा न लावता साठ दिवसांची नोटीस देऊन घराचा ताबा घेऊ शकते. कर्जदाराची लेखी हरकत अमान्य असेल, तर पंधरा दिवसांत कारणे कळवण्याचे बंधन बँकेवर आहे. शेतजमिनीला हा कायदा लागत नाही. खानापूरचे भाताचे शेत सुटते, गावातील तारण घर सुटत नाही. ताब्याविरुद्ध ४५ दिवसांत दाद मागायची, तर कर्जवसुली न्यायाधिकरण बेंगळुरूला, सुमारे पाचशे किलोमीटरवर.

सहकारी बँकांना हा कायदा लागू आहे का, हा वाद निपाणीपलीकडील मुरगूडच्या एका बँकेच्या खटल्यातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ५ मे २०२० रोजी घटनापीठाने तो लागू असल्याचा निर्वाळा दिला.

गल्लोगल्लीच्या पतसंस्था, ज्यांना येथे नुसते ‘सोसायटी’ म्हणतात, रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली येत नाहीत; त्या सहकार कायद्याखाली चालतात. कर्ज फिटल्यानंतर तीस दिवसांत मूळ कागदपत्रे परत करावीत, विलंब बँकेमुळे झाल्यास दररोज पाच हजार रुपये भरपाई द्यावी, हा १ डिसेंबर २०२३ पासूनचा नियम म्हणूनच बँकेत दाखवता येतो, सोसायटीत नाही. आणि करारपत्र मराठीत वाचून दाखवणारा कारकून बहुतेकांना भेटतो तो सोसायटीतच.