कंपनी एक, प्रस्ताव २३८

२०१७ साली अमेरिकेतील टूसॉन शहराच्या उद्योगवृद्धी संस्थेने अ‍ॅमेझॉन कंपनीला २१ फूट उंचीचा सग्वारो निवडुंग भेट म्हणून देऊ केला. निमित्त होते कंपनीच्या दुसऱ्या मुख्यालयाचे. ५ अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि ५०,००० नोकऱ्या येणार म्हटल्यावर उत्तर अमेरिकेतून २३८ प्रस्ताव आले. जॉर्जियातील स्टोनक्रेस्टने तर आपली ३४५ एकर जमीन तोडून तिथे ‘अ‍ॅमेझॉन’ नावाचे नवे शहर वसवण्याची तयारी दाखवली. हा लिलावच होता, फक्त बोली लावणारा स्वतःचाच माल देऊन वर पैसेही मोजत होता. निवडुंग कंपनीने घेतला नाही. तो टूसॉनच्याच एका संग्रहालयात गेला.

अखेर मुख्यालय दोन ठिकाणी विभागले गेले. न्यूयॉर्कने सुमारे ३ अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या होत्या, पण स्थानिक विरोध वाढताच फेब्रुवारी २०१९ मध्ये कंपनीने तिथून अंग काढून घेतले. व्हर्जिनियातील आर्लिंग्टनची थेट सवलत याहून बरीच कमी होती. मात्र संगणकशास्त्राचे पदवीधर वाढवण्यासाठी विद्यापीठांवर मोठा खर्च करण्याचे वचन राज्याने त्यासोबत दिले होते. कंपनी तिथे टिकली.

करसवलतीचा दोष असा की शेजारीही ती देऊ शकतो. कॅन्सस सिटीच्या महानगर परिसरातून ‘स्टेट लाइन रोड’ जातो. त्याच्या एका अंगाला मिसुरी राज्य, दुसऱ्या अंगाला कॅन्सस. कंपन्या अनेक वर्षे सवलत घेऊन राज्याची हद्द ओलांडत राहिल्या. कर्मचारी तेच, घरेही तीच. बदलला तो कार्यालयाचा पत्ता, आणि त्याची किंमत दोन्हीकडच्या करदात्यांनी मोजली. २०१९ मध्ये दोन्ही राज्यांनी ही चढाओढ थांबवण्याचे ठरवले.

दुबईनेही कर माफ केलाच. जेबेल अली बंदरालगतचे मुक्त क्षेत्र १९८५ पासूनचे आहे. पण बँकांना आणि विमा कंपन्यांना हवी असते ती करार मोडल्यास दाद मागण्याची ओळखीची जागा. म्हणून २००४ मध्ये शहराच्या मध्यभागी ११० एकरांचे वित्तीय केंद्र स्थापून त्याला स्वतंत्र दिवाणी व व्यापारी कायदा आणि इंग्रजीत चालणारी न्यायालये देण्यात आली; पहिले सरन्यायाधीशही इंग्लंडमधून आणले गेले. इथेही रस्ता ओलांडला की हद्द बदलते, पण बदलतो तो कायदा.