पहिल्या बैठकीत ठरणारा कचरा

अध्यक्ष महोदया आणि कार्यकर्ते मित्रहो,

संमेलने, परिषदा आणि स्नेहमेळावे भरवणाऱ्या संस्थांचे कार्यवाह येथे मोठ्या संख्येने आलेले आहेत, त्यामुळे पर्यावरण का जपावे हे सांगण्यात मी आपला वेळ घेणार नाही. मला एकच गोष्ट मांडायची आहे. कार्यक्रमाचा निसर्गावर किती भार पडणार हे स्वागत समितीच्या पहिल्या बैठकीतच ठरून जाते. कार्यक्रम कोणत्या गावी, कोणत्या तारखेला, किती वाजता आणि जेवणाच्या किती पानांचा, एवढे त्या बैठकीत एकदा ठरले की पुढे तागाच्या पिशव्या वाटल्या काय आणि बांबूची पेने वाटली काय, मूळ हिशेब फारसा हलत नाही. तरीही आपल्याकडे 'पर्यावरणपूरक' म्हटले की सगळी चर्चा पिशवीपासून सुरू होते आणि बहुधा पिशवीपाशीच संपते.

प्रथम प्रवास घेऊ, कारण दूरदूरहून माणसे येतात अशा परिषदेत सर्वांत मोठा वाटा त्याचाच असतो. एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो आणि एक लिटर डिझेल जाळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. मुंबई ते पुणे हे अंतर ढोबळमानाने १५० किलोमीटर आहे. लिटरला पंधरा किलोमीटर जाणाऱ्या गाडीत एकटा माणूस बसून आला, तर त्याच्या नावावर सुमारे २३ किलो लागतात. लिटरला चार किलोमीटर जाणारी बस चाळीस माणसांना घेऊन आली, तर माणशी अडीच किलोच्या आसपास पडतात. म्हणजे नऊपट फरक. मुंबईहून दिल्लीला विमानाने एका फेरीला माणशी शंभर किलोच्या आसपास जातात. छापील कार्यक्रमपत्रिका वाचवून हा आकडा भरून काढायचा म्हटले, तर सारी हयात पत्रिका न छापताच घालवावी लागेल.

यावर उपाय काय, तर कार्यक्रमाची वेळ रेल्वेचे वेळापत्रक समोर ठेवून ठरवणे. मुंबईत एक दिवसाची परिषद असेल आणि तिचे उद्घाटन सकाळी नऊला ठेवले असेल, तर पुण्याच्या माणसाला एक तर आदल्या रात्री मुक्कामाला यावे लागते किंवा पहाटे मोटार काढावी लागते. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी ७.१५ ला सुटते, १०.२५ च्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचते आणि सायंकाळी ५.१० ला परत निघते. उद्घाटन सव्वाअकराला आणि आभारप्रदर्शन सव्वाचारला ठेवले, की त्या माणसाचा मुक्काम वाचतो, मोटार वाचते आणि रात्री साडेआठपर्यंत तो घराच्या वाटेला लागतो. त्यासाठी दोन भाषणे कमी करावी लागतात, हे मी मान्य करतो. ती कमी झाल्याची तक्रार श्रोत्यांकडून माझ्या कानावर अद्याप आलेली नाही. निमंत्रणपत्रिकेत सभागृहाच्या पत्त्याखाली 'वाहनतळाची सोय आहे' असे आपण आवर्जून छापतो. त्या जागी जवळचे स्थानक आणि बसचा क्रमांक छापायला जादा शाई लागत नाही.

याचा अर्थ सगळे कार्यक्रम मुंबई-पुण्यातच भरवावेत, असा कोणी काढू नये. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०२२ मध्ये उदगीरला आणि २०२४ मध्ये अमळनेरला गेले ते योग्यच झाले, कारण मोठ्या शहरात सहसा न येणारा वाचक तेथे आपल्या गावाजवळ संमेलनाला आला. २०२५ मध्ये ९८ वे संमेलन दिल्लीला झाले तेव्हा पुण्याहून विशेष रेल्वेगाडी सोडण्यात आली होती. पाहुणे दूरवरून येणार हे ठाऊक असताना त्यांना एकत्र आणण्याची सोय यजमानांनी करावी, या दृष्टीने मला ते उदाहरण महत्त्वाचे वाटते. लहान संस्थेला रेल्वेगाडी सोडता येणार नाही, पण जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक बस ठरवणे तिच्या आवाक्यात असते.

दुसरा मोठा विषय जेवणाचा. येथे दोष वाढप्याचा किंवा पाहुण्याचा कमी आणि कार्यवाहाच्या भीतीचा अधिक असतो. अन्न कमी पडले तर संस्थेची नाचक्की होईल, म्हणून चारशे येतील असे वाटत असताना कार्यवाह पाचशे पाने सांगतो. आचारी आपल्या नावासाठी त्यात आणखी पन्नास धरतो. आणि प्रत्यक्षात साडेतीनशे माणसे जेवतात. उरलेला भात ओल्या कचऱ्यात जातो, मिसळलेल्या कचऱ्याबरोबर डेपोत दबतो आणि हवा न मिळाल्याने तेथे त्यापासून मिथेन तयार होतो. त्या तांदळाचे पाणी, खत आणि गॅस वाया गेले ते वेगळेच. केटररशी करार करताना पानांचा आकडा दोनदा देण्याची अट घालावी: आठ दिवस आधी अंदाज आणि आदल्या सायंकाळी पक्की संख्या. नोंदणीच्या वेळीच 'दोन्ही दिवस जेवणार का' हे विचारावे. भात आणि पोळ्या एकदम न करता पहिली पंगत उठल्यावर दुसरा घाणा लावावा. जुने आचारी हे करतच असत, बुफेच्या घाईत ते मागे पडले. बुफेच ठेवायचा असेल तर ताटे लहान आणि टेबले जास्त ठेवावीत, कारण पुन्हा रांगेत उभे राहावे लागेल या धास्तीने माणूस ताट शिगोशीग भरतो. एवढे करूनही अन्न उरलेच, तर ते नेणारे स्वयंसेवक आधी ठरलेले असावेत. २०१४ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या रॉबिन हूड आर्मीसारखे गट हे काम करतात, परंतु रात्री अकराला आंबू लागलेली आमटी पुढे करून त्यांना फोन लावणे हा अन्नाचा आणि माणसांचाही अवमान आहे.

भांड्यांविषयी थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आली आणि जुलै २०२२ पासून अशा एकदाच वापरायच्या वस्तूंवर देशभर बंदी आहे. त्यांच्या जागी आलेल्या कागदी पेल्याला बहुधा आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, हे मात्र आपण विसरतो. भाड्याची स्टीलची ताटे सर्वांत बरी. पाण्याची टंचाई असेल तेथे पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण. केरळने २०१५ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांपासून अशा आयोजनासाठी हरित नियमावली, म्हणजे एकदाच वापरून फेकायच्या वस्तू टाळण्याचे नियम, राबवली, तेव्हा हे मोठ्या प्रमाणावर जमते का, हा प्रश्न आता उरलेला नाही. पाण्याचेही तसेच. पाचशे माणसे, दोन दिवस आणि रोज माणशी चार लहान बाटल्या, म्हणजे चार हजार बाटल्या होतात. तेच पाणी वीस लिटरच्या चाळीस जारमध्ये मावते, आणि पेले विसळायला दोन माणसे लागतात.

कचऱ्याच्या बाबतीत कायद्याची एक तरतूद आपल्यापैकी बहुतेकांच्या कधी वाचनात आलेली नसते. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांत असे म्हटले होते की, परवाना नसलेल्या जागी शंभरांहून अधिक माणसांचा कार्यक्रम असेल तर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावे आणि कचरा जागच्या जागी वेगळा करण्याची जबाबदारी आयोजकाने घ्यावी. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. अशा संस्थांना मांडव पडण्याआधी बोलवावे, उठल्यावर नव्हे. एका परिषदेत आम्ही खत होणारे पेले मोठ्या अभिमानाने आणले आणि ते सगळे उष्ट्या अन्नाबरोबर एकाच काळ्या पिशवीतून डेपोत गेले, कारण डबे वेगळे ठेवले तरी त्यांच्याजवळ माणूस उभा करायचे आम्हांला सुचले नव्हते.

फ्लेक्सविषयी एवढेच, की कापडी फलकावर फक्त संस्थेचे नाव रंगवावे आणि तारीख-स्थळाची पट्टी सुटी ठेवावी. तो फलक दहा वर्षे चालतो. सत्काराचा पुष्पगुच्छ प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला नसावा. त्याऐवजी पुस्तक द्यावे असे सर्रास सांगितले जाते, पण सत्कारमूर्तीच्या घरी त्याच पुस्तकाच्या चार प्रती आधीच असतात, हेही ध्यानात ठेवावे.

शेवटी एका वहीविषयी सांगतो. आमच्या संस्थेत कार्यक्रम संपल्यावर सांगितलेली पाने, जेवलेली पाने, उरलेली पातेली, ताणकाट्यावर मोजलेला ओला व सुका कचरा आणि नोंदणीच्या टेबलावर विचारून घेतलेले प्रत्येकाचे वाहन, एवढे तिच्यात लिहून ठेवतात. पुढच्या वर्षीच्या पहिल्या बैठकीत इतिवृत्ताच्या आधी ती वही उघडली जाते. मागील वर्षी ४५० पाने सांगून ३६२ जण जेवल्याचे तिच्यात निघाले, म्हणून यंदा कार्यवाहांनी धीर करून ३८० सांगितली. जेवले ३७१. शेवटच्या पंगतीला दहीभात पुरला नाही म्हणून तीन सभासद कुरकुरले, त्याचीही नोंद वहीत आहे.