तीन कोपेकांची अंकलिपी

युक्रेनचा इतिहास म्हटलं की व्याख्याते सहसा हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या कीव्हच्या राज्यापासून सुरुवात करतात. त्या राज्याचे खरे वारस कोण, हा वाद आज बाजूला ठेवू. राष्ट्र म्हणून स्वतःची जाणीव ही बरीच अलीकडची गोष्ट आहे, आणि तिचा माग काढायचा तर लढायांपेक्षा छापखान्यांकडे पाहावं लागतं.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १६४८ साली बोहदान ख्मेलनित्स्कीच्या नेतृत्वाखाली कोसॅकांनी, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांतल्या लढवय्यांनी, पोलिश सत्तेविरुद्ध बंड केलं, १६५४ मध्ये मॉस्कोच्या झारचा आश्रय घेतला, आणि १६६७ च्या तहाने द्नीप्रो नदीच्या दोन तीरांची वाटणी झाली. पुढे १७६४ मध्ये कोसॅकांचं हेटमनपद, म्हणजे त्यांच्या प्रमुखाचं पद, गेलं, १७७५ मध्ये त्यांची झापोरिझ्झियाची छावणी मोडली आणि १७८३ मध्ये पूर्व तीरावरचे शेतकरी जमिनीला जखडले गेले. सरदार मंडळी रशियन उमरावांत मिसळून गेली. भाषा उरली ती मुख्यतः शेतकऱ्यांच्या तोंडी. दरम्यान १७७२ मध्ये पश्चिमेकडचा गॅलिशिया प्रांत ऑस्ट्रियाकडे गेला होता. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ त्यावरच आहे.

१८६१ मध्ये शेतकऱ्यांना जमिनीला जखडणारी ही पद्धत, म्हणजे भूदासप्रथा, रशियात संपली. त्याच वर्षी तारास शेव्चेन्को या कवीने, जो स्वतः भूदास म्हणून जन्मला होता, सेंट पीटर्सबर्गमध्ये एक अंकलिपी छापून घेतली. चोवीस पानं, दहा हजार प्रती, किंमत तीन कोपेक. रविवारच्या शाळांमध्ये प्रौढ शेतकऱ्यांनी तीवरून वाचायला शिकावं, हा हेतू. गणित, भूगोल, इतिहास यांचीही पुस्तकं काढायचा त्याचा बेत होता, पण मार्चमध्ये तो वारला. १८६२ च्या उन्हाळ्यात साम्राज्यभरच्या रविवारच्या शाळा बंद करण्यात आल्या.

जुलै १८६३ मध्ये गृहमंत्री वालुयेव यांचं परिपत्रक निघालं. 'अशी वेगळी भाषा नव्हती, नाही आणि असू शकत नाही' हे त्यातलं वाक्य सगळेच उद्धृत करतात. पण परिपत्रकाचा खरा डंख त्याच्या कलमात आहे. कथा-कविता छापायला मुभा होती. बंदी होती ती धार्मिक पुस्तकांवर, शालेय पुस्तकांवर आणि सामान्य लोकांच्या प्राथमिक वाचनाच्या पुस्तकांवर. म्हणजे कवींची सरकारला फारशी धास्ती नव्हती. नुकताच मोकळा झालेला शेतकरी पहिल्यांदा वाचायला शिकेल तो कोणत्या भाषेत, हा प्रश्न होता. पोलंडचा रशियाविरुद्धचा उठाव तेव्हा ऐन भरात होता आणि या पुस्तकांमागेही पोलिश हात असल्याचा संशय होता.

१८७६ चा हुकूम याहून कडक. झार दुसऱ्या अलेक्झांडरने जर्मनीतल्या एम्स गावी मुक्कामाला असताना त्यावर सही केली. परदेशातून युक्रेनी पुस्तकं आणायला खास परवानगी, भाषांतरं बंद, नाटकं बंद, जाहीर वाचन बंद, स्वरलिपीखाली गाण्याचे शब्द छापणंसुद्धा बंद. ललित लेखनाला सूट होती, पण रशियन शुद्धलेखनात छापण्याच्या अटीवर. ही अट वरवर क्षुल्लक वाटते. युक्रेनीत एका अक्षराचा उच्चार इ आणि ए यांच्या मधला आहे, आणि स्वच्छ 'इ'साठी वर टिंब असलेलं निराळं अक्षर आहे. रशियन लेखनात मात्र ते पहिलं अक्षरच 'इ' म्हणून वाचतात. तेव्हा स्वतःचीच भाषा छापलेली पाहून नवशिका वाचक अडखळायचा आणि ही आपली बोली मुळी लिहिण्याजोगी नाही, असा समज करून घ्यायचा.

१८८१ मध्ये नाटकांना सूट मिळाली, तीही स्थानिक अधिकाऱ्याच्या मर्जीवर. भाषांतरांवरची बंदी कायम राहिल्यामुळे रंगभूमीवर आलं ते बहुतेक खेड्यातलं जीवन. नाटकं गाजली, पण 'युक्रेनी म्हणजे खेडवळ' ही छाप अधिकच पक्की झाली. बंदीचं सर्वांत टिकाऊ नुकसान माझ्या मते हेच.

पळवाट होती ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या गॅलिशियात, लविव शहरामध्ये. ऑस्ट्रियाच्या १८६७ च्या घटनेने संस्था काढण्याचा हक्क दिला, आणि १८६८ मध्ये 'प्रोस्वीता' ही लोकशिक्षण संस्था उभी राहिली, १८७३ मध्ये शेव्चेन्कोच्या नावाची संस्था. या दुसरीसाठी पैसा बराचसा सीमेपलीकडच्या, रशियन अंमलातल्या युक्रेनी लोकांनी पुरवला. कीव्हमध्ये लिहायचं, लविवमध्ये छापायचं, असा परिपाठच पडला. १८९४ मध्ये इतिहासकार मिखाइलो ह्रुशेव्स्की कीव्हहून लविवला प्राध्यापक म्हणून आले. व्हिएन्नाच्या ऑस्ट्रियन सरकारला युक्रेनींचं प्रेम होतं असं समजू नका. पोलिश उमरावांचं पारडं जड होऊ न देणं ही त्या सरकारची गरज होती.

१८९७ च्या रशियन जनगणनेत सुमारे २ कोटी २४ लाख लोकांनी ही मातृभाषा नोंदवली. कीव्ह शहरात मात्र ते प्रमाण जेमतेम २२ टक्के. १९१७ च्या रशियन क्रांतीनंतर स्वतंत्र राज्य उभारताना ते पेलण्यासाठी लागणारी शहरं आणि कारकून हाताशी का नव्हते, त्याचं बरंचसं उत्तर या एका आकड्यात आहे.

सोव्हिएत सत्तेने १९२३ पासून उलट धोरण घेतलं: शाळा, कचेऱ्या, वर्तमानपत्रं युक्रेनीत. १९२८ मध्ये गॅलिशिया आणि पूर्वेकडचा युक्रेन अशा दोन्हीकडच्या लेखनपद्धतींचा मेळ घालणारे शुद्धलेखनाचे नियम मंजूर झाले. मग १९३२-३३ चा, धान्य सक्तीने काढून नेऊन लादलेला दुष्काळ. त्यात मेलेल्यांचा अंदाज साधारण ३५ ते ४० लाख. १९३३ च्या जुलैमध्ये, ते धोरण राबवणारे मिकोला स्क्रिप्निक यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याच वर्षी 'ग'चं अक्षर वर्णमालेतून काढलं गेलं आणि 'ह'च्या अक्षराला दोन्ही उच्चारांचं ओझं वाहावं लागलं. ते अक्षर परत आलं १९९० मध्ये.

शेवटी आकडे कसे वाचू नयेत, ते सांगतो. १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून अधिक मतं स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. रशियन बोलणाऱ्या दोनेत्स्कमध्ये ८३ टक्क्यांच्या वर, क्रिमियात ५४. २००१ च्या जनगणनेत ७७.८ टक्के लोकांनी स्वतःला युक्रेनी म्हटलं, पण युक्रेनी ही मातृभाषा सांगणारे ६७.५ टक्के. भाषेचा नकाशा घेऊन त्यावर निष्ठेची रेघ ओढणारे इथे फसतात, कारण जनगणनेतली 'मातृभाषा' म्हणजे रोज बोलायची भाषा असेलच असं नाही, आणि रोज रशियन बोलणारा माणूस स्वतःला युक्रेनी म्हणवतो तेव्हा त्यात त्याला काहीच विसंगत वाटत नाही. २००१ नंतर तिथे जनगणना झालेली नाही, त्यामुळे आजच्या चर्चेत फिरणारे नकाशे बहुधा त्याच जुन्या आकड्यांवर रंगवलेले असतात.