काकीची पिशवी

हे जे अर्धं शटर दिसतंय ना, गोव्यात, म्हापशाच्या बाजारापासून थोडं आत, ते पूर्ण कधीच खाली येत नाही. रात्री बारा वाजता पण खालची दोन फूट उघडीच असतात आणि आत एक बल्ब चालू. मरणाघरचा माणूस हाका मारत नाही, तो येऊन नुसता उभा राहतो, असं काका म्हणतात, म्हणून.

दुकान माझ्या काका-काकीचं. एका भिंतीला कॉफिनं उभी करून ठेवलेली, इथे त्याला काशांव म्हणतात, पोर्तुगीजांकडून आलेला शब्द. समोरच्या भिंतीला बांबू, सुंभाची वेटोळी, मडकी, कोऱ्या कापडाचे तागे, राळ, कापूर, शेणी. मधे टेबल आणि फोन. बार्देशात, म्हणजे आमच्या तालुक्यात, एका दारात तुळस तर शेजारच्या दारात खुरीस, म्हणजे क्रूस, आणि माणूस दोन्ही घरांतला जातो, त्यामुळे काकांच्या वडिलांनी सुरुवातीपासूनच दोन्ही सामान ठेवलं.

लाकूडकाम काकांचं. फोनवर दोनच मापं विचारतात, उंची आणि खांदे, आणि उंचीत तीन-चार इंच वाढवतात. आंबा, फणस, नाहीतर प्लाय, ज्याची जशी ऐपत. आतून प्लास्टिक कधी लावत नाहीत, कारण सिमितेरीत, म्हणजे ख्रिश्चन दफनभूमीत, जागा कमी, काही वर्षांनी तीच कबर परत उघडतात, हाडं काढून भिंतीतल्या खणात ठेवतात आणि मग तिथे दुसरा माणूस जातो. तोपर्यंत लाकूड मातीत मिळायला पाहिजे. आतलं पांढरं सॅटिन मात्र काकीचं, उषा मशीनवर बसून ती चुण्या घालते, उशी शिवते. मी एकदा विचारलं की झाकण लागल्यावर कोण बघणार एवढ्या बारीक चुण्या, तर म्हणाली, झाकण लागायच्या आधी बघतात ना.

फोन वाजला की बहुतेक वेळा काकीच घेते. आणि सांत्वन वगैरे करत नाही ती पहिल्यांदा, आधी कामाचं सांगते. डोळे मिटा, पापणीवर बोट थोडा वेळ तसंच धरून ठेवा. हनुवटीखालून डोक्यावर कापडाची पट्टी बांधा. हात सरळ करा, पायाचे अंगठे एकत्र बांधा, अंगठी-बांगडी काढायची असेल तर आत्ताच साबण लावून काढा. हे सगळं लगेच का, तर दोन-तीन तासांत जबडा आणि मान ताठ व्हायला लागते, मग हात, मग पाय, बारा तासांपर्यंत सगळं अंग लाकडासारखं होतं, आणि आमच्या उकाड्यात तर त्याच्याही आधी. तोंड उघडं राहिलं तर ते तसंच राहतं, आणि पोरांना आईचा शेवटचा चेहरा तोच आठवत राहतो. फोनवर पलीकडचा माणूस रडत असतो पण हाताला काम मिळालं की थोडा सावरतो, हे मी स्वतः शेजारी बसून कितीतरी वेळा ऐकलंय.

काकी या कामात आली कशी, तर लग्नानंतरच्या पहिल्याच पावसात. एका घरातली बाई गेली, घरात नवरा आणि दोन मुलगे, सुना-मुली नाहीत, आणि शेजारच्या बायका अंगणापर्यंत येऊन थांबल्या. आंघोळ कोण घालणार? काका सामान पोचवायला गेले होते, ते तसेच परत फिरले आणि दारातून काकीला म्हणाले, येशील का. ती गेली. दार लावून घेतलं, कोमट पाणी मागितलं, चादर अंगावर तशीच ठेवून खालून हात घालत घालत पुसून काढलं, बाईचं अंग शेवटपर्यंत उघडं पडू दिलं नाही. आजपण तशीच करते. हिंदू असो, ख्रिश्चन असो, बाई गेली असेल तर लोक विचारतात, काकी येणार ना? पुरुषांचं काका बघतात. दोघांपैकी एक जरी नसता तर हे दुकान नुसतं सामानाचं दुकान राहिलं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि याच काकीला हळदीकुंकवाला बोलवायचं लोक विसरतात. वर्षानुवर्षं विसरतात. माझ्या चुलत बहिणीच्या डब्यातलं शाळेत कोणी खायचं नाही. मला याचा राग येतो आणि तो मी इथे लपवणार नाही, कारण ज्या हातांनी तुमच्या आईचे केस विंचरले त्या हातचं पाणी चालत नाही, हे कुठल्या देवाने सांगितलं?

दुकानाचे नियम आहेत काही. जाताना कोणी 'येतो' म्हणत नाही, काका-काकीही 'या' म्हणत नाहीत. बाराव्याच्या आधी बिल मागायचं नाही. आणि टेबलावरची ही फाइल, ही काकांची. मरण घरी झालं तर कारणाचा दाखला डॉक्टरकडून फॉर्म ४ए वर, हॉस्पिटलमध्ये झालं तर फॉर्म ४, आणि नोंद २१ दिवसांच्या आत पंचायतीत किंवा पालिकेत. अपघात असेल, संशय असेल तर पोलीस पंचनामा, शवचिकित्सा, आणि मग बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलच्या शवागाराबाहेर काकांची शववाहिका तासन् तास उभी. घरच्यांना यातलं काही सुचत नसतं, काका एकेक कागद समोर ठेवतात आणि बोट ठेवून सांगतात, इथे सही.

पावसाळ्याचं वेगळंच. एका चितेला चारशे-पाचशे किलोपर्यंत लाकूड जातं, आणि जून ते सप्टेंबर गोव्यात सुकं लाकूड शोधून दाखवा. काका मार्च-एप्रिलमध्येच भरून ठेवतात, पत्र्याखाली, जमिनीपासून वर विटांवर रचून.

२०२१ चा, कोविडमधला मे महिना मात्र दोघंही नीट सांगत नाहीत. मी कॅमेरा लावला होता. काका एवढंच बोलले की माणसं पिशवीत यायची, चेन उघडायची नाही. काकी उठून आत गेली. तिला हात लावायला मिळाला नाही, मला वाटतं तेच तिला अजून टोचतंय.

बोर्डावर नाव काकांचंच आहे, पण गोव्यात १८७० पासून लागू असलेल्या पोर्तुगीज सिव्हिल कोडच्या वेळेपासून चालत आलंय की, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत दोघांची, अर्धी-अर्धी. काकीला विचारलं हे माहितीय का तर म्हणाली, कायद्याने अर्धं, रात्रीच्या फोनांचं मात्र जास्त माझंच. काकांनी मान हलवली.

आता ही पिशवी बघा. कापडी आहे, आत खोबरेल तेलाची बाटली, कापूस, सुईदोरा, छोटी कात्री, कुंकवाची डबी, आणि एक लाकडी फणी, नवी. फण्या ती शुक्रवारच्या बाजारातून डझनाने आणते, कारण एकीला वापरलेली दुसरीला नाही, ती त्या बाईबरोबरच जाते.

परवाची गोष्ट सांगतो. एक आजी गेली, मुलगी लंडनला, यायला दोन दिवस लागणार. काकांनी फ्रीझर बॉक्स लावला, जोडीला इन्व्हर्टर, कारण वीज कधी जाईल सांगता येत नाही. मुलगी पहाटे मोपा विमानतळावर उतरली आणि सरळ घरी आली. काकीने बाकी सगळं उरकलं होतं, केस तेवढे ठेवले होते. मुलीला जवळ बसवलं आणि विचारलं, आई भांग कुठे पाडायची गं? मुलगी बघत राहिली. मग म्हणाली, मधे नाही, थोडा डावीकडे. काकीने फणी तिच्याच हातात दिली.

बराच वेळ चाललं ते. बाहेर काका आणि भटजी थांबले होते, कोणी घाई केली नाही. झाल्यावर मुलीने विचारलं, ही मी ठेवू का? काकीने फणी घेतली, दातांत अडकलेले तीन-चार पांढरे केस तसेच राहू दिले, रुमालात गुंडाळली आणि तिला परत दिली.

दुपारी घरी येऊन दोघांनी मागच्या विहिरीवर आंघोळी केल्या, कपडे धुवून दोरीवर टाकले. काका वही घेऊन बसले. फ्रीझर बॉक्स, दोन दिवस. गाडी, एक फेरी. तिरडीचं सामान, लाकूड. वाचून दाखवलं त्यांनी, काकी चहा गाळत ऐकत होती. फणी लिहिली नव्हती, तिनेही काही म्हटलं नाही.